सेलमवाली

रिसोड-वाशीम पट्ट्यात जून लागला की माणसं एकमेकांची तब्येत विचारायच्या आधी बेणं, म्हणजे लावायचे कंद, विचारतात. "सेलमच हाय नं?" "हाव, सेलमच. दुसरं कायले लावतं कोनी?" संपला विषय. सेलम म्हणजे हळद. त्या नावाचं एखादं गाव असेल, त्याला बसस्टँड असेल, तिथल्या बायकाही भाजीवाल्याशी हुज्जत घालत असतील, हे कोणाच्या मनातही येत नाही. बेणं शेजारच्या गावातून आलेलं असतं, त्यांनी पैनगंगेच्या पलीकडून आणलेलं असतं, आणि पलीकडच्यांनी कुठून आणलं ते विचारायच्या भानगडीत कोणी पडत नाही.

माझ्या डोक्यात हे नाव शिरलं ते गड्डे मोडताना. हळद निघाली की मी बायांबरोबर शेतात बसते. गड्डा उचलायचा, माती झटकायची, मधला जेठा गड्डा डाव्या हातात घट्ट धरायचा आणि बाजूची हळकुंडं एकेक करून कटकन मोडायची. मोडल्या जागी जो रंग दिसतो तो पिवळा नसतोच, चांगला नारंगीकडे झुकलेला असतो. वास नाकात असा बसतो की संध्याकाळी चहालाही हळदीचा वास येतो. नखं होळीपर्यंत पिवळी. हात चालू असतात तसं तोंडही चालू असतं, आणि अशाच एका दुपारी एक म्हातारी मला म्हणाली, "काय वं कारंजावाली, तू तं शिकेल हायस. हे सेलम कोन्त्या जिल्ह्यात येते?"

कारंजावाली म्हणजे मी. आमच्याकडे सुनेला तिच्या माहेरच्या गावावरून हाक मारतात. पुसदवाली, मेहकरवाली, उमरखेडवाली. नातवंडं झाली, माहेरचं घर पडलं, भाऊ पुण्याला गेला, तरी बाई मेहकरवालीच. तिचं खरं नाव फक्त रेशनकार्डावर. आमच्या घरात तर दोन कारंजावाल्या. मोठ्या जाऊबाई कारंजा लाडच्या, म्हणजे याच वाशीम जिल्ह्यातल्या, जिथे नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान आहे. मी कारंजा घाडगेची, तिकडे वर्धा जिल्ह्यात. नवी होते तेव्हा माहेरून परतले की शेजारणी हात पुढे करायच्या, "गुरुमंदिराचा प्रसाद?" आता कुठून आणणार मी? शेवटी बसस्टँडवरून पेढे घ्यायला लागले आणि कुठल्या देवाचे ते सांगायचं टाळायला लागले. मग हळूहळू मोठी कारंजावाली आणि लहान कारंजावाली असं वाटप झालं आणि प्रसादाची जबाबदारी जाऊबाईंकडे गेली.

तर सेलम ही अशीच माहेरच्या नावाने ओळखली जाणारी सून आहे, एवढं मला त्या दुपारी कळलं. म्हातारीला सांगितलं, "तमिळनाडूत येते." ती म्हणाली, "मंग लय दुरून देली बाप्पा पोरगी," आणि पुढचा गड्डा उचलला.

तमिळनाडूतलं सेलम शेवरॉय डोंगराच्या पायथ्याशी आहे. वर येरकाड हे थंड हवेचं ठिकाण. शहराला पोलादाचा कारखाना आहे, आंब्यांचं नाव आहे, आणि जवळच्या ईरोडला हळदीचा दांडगा बाजार. राजाजी सेलमला वकिली करायचे आणि १९१७ मध्ये तिथल्या नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. नाव अस्सल तिथल्या मातीतलं. पण इंग्रज साहेबाने ते कागदावर उतरवलं तेव्हा नेमकी तीच पाच अक्षरं पडली, जी त्याच्या घरच्या बायबलात होती. बस, तेव्हापासून आमच्या हळदीला जगभर सख्खे-चुलत नातेवाईक झाले.

बायबलातलं सेलम मला आधी ठाऊक होतं, फक्त ते सेलम आहे हे ठाऊक नव्हतं. शाळेतली माझी मैत्रीण ख्रिस्ती. तिच्या घरच्या मराठी पवित्र शास्त्रात ते 'शालेम' असं छापलेलं. उत्पत्तीच्या चौदाव्या अध्यायात अब्राम लढाई मारून परत येत असतो आणि शालेमचा राजा मलकीसदेक भाकर आणि द्राक्षारस घेऊन त्याला सामोरा येतो. आशीर्वाद देतो, अब्रामकडून लुटीचा दहावा हिस्सा घेतो आणि गोष्टीतून निघून जातो. आईबाप नाही, बायको नाही, मुलंबाळं नाहीत, लढाई नाही. एवढ्या मोठ्या ग्रंथात इतक्या कमी जागेत इतकी छाप पाडून जाणारा माणूस मला तरी दुसरा सापडला नाही. पुढे एका स्तोत्रात शालेम आणि सियोन, म्हणजे यरुशलेमची टेकडी, शेजारी-शेजारी येतात, त्यामुळे हे शालेम म्हणजेच यरुशलेम असं परंपरेने मानतात. नव्या करारात आणखी एक सापडतं. योहान बाप्तिस्मा देत होता ते एनोन गाव शलीमजवळ होतं म्हणे. म्हणजे घोळ बायबलाच्या आतूनच सुरू झालेला आहे, अमेरिकेवर सगळं खापर फोडण्यात अर्थ नाही.

अमेरिकेने मात्र कमाल केली. मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर १६२६ मध्ये गोऱ्यांची एक वस्ती बसली. तिथल्या मूळ लोकांचं त्या जागेला नाव होतं नॉमकेग. तीन वर्षांनी ते पुसून सेलम झालं. १६९२ मध्ये याच भागात चेटकिणींचे खटले चालले. एकोणीस जणांना फाशी दिलं, त्यात चौदा बाया. ऐंशीच्या घरातल्या जाइल्स कोरी नावाच्या म्हाताऱ्याने आरोपावर काही बोलायलाच नकार दिला, तर त्याच्या छातीवर दगड रचून त्याला मारलं. आपल्याकडेही करणी केली म्हणून एखाद्या विधवेला मारझोड झाल्याची बातमी अजून येते, आणि त्यासाठी २०१३ मध्ये कायदा करावा लागला, तेव्हा त्यांना हसायला आपल्याला जागा नाही. गंमत वेगळीच आहे. खटल्यांचं मूळ होतं सेलम व्हिलेज या बाजूच्या वस्तीत. ती वस्ती पुढे वेगळी झाली आणि तिने डॅनव्हर्स हे नाव घेतलं. पाप ज्या गावात सुरू झालं ते नाव बदलून मोकळं, आणि ज्याने नाव टिकवलं ते सेलम आज झाडूवर बसलेल्या चेटकिणीची चित्रं विकून पोट भरतं. तिथल्या पोलिसांच्या बिल्ल्यावरसुद्धा चेटकीण आहे. ऑक्टोबरात म्हणे गावात पाय ठेवायला जागा नसते.

पण हेच सेलम एकेकाळी मसाल्याचं गाव होतं, हे मला फार आवडलं. अठराव्या शतकाच्या शेवटी तिथली जहाजं सुमात्राहून मिरी आणायला लागली आणि तिथले व्यापारी गब्बर झाले. शहराच्या जुन्या मुद्रेवर तिकडच्या पोशाखातला एक माणूस छत्री धरून उभा आहे. तिथल्याच एका कप्तानाने १७९६ मध्ये कलकत्त्याहून हत्तीचं पिल्लू जहाजात घालून अमेरिकेला नेलं. अमेरिकेने पाहिलेला पहिला हत्ती तो.

आणि याच गावाचा धागा थेट मराठीला येऊन मिळतो. ६ फेब्रुवारी १८१२ ला सेलमच्या टॅबरनॅकल चर्चमध्ये पाच तरुणांना मिशनरी म्हणून दीक्षा दिली. त्यातले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट आधी कलकत्त्याला उतरले. कंपनी सरकारने त्यांना परत जायला सांगितलं, तर ते निसटून फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत पोचले. तिथे अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं. मिशनने मराठी शाळा काढल्या, १८२४ मध्ये मुंबईत मुलींची शाळा काढली, छापखाना घातला आणि १८२६ मध्ये नवा करार मराठीत छापला. त्याच वर्षी हॉल पटकीने गेला. मैत्रिणीच्या घरचं पुस्तक काही तेच नव्हे, पुढे त्या भाषांतरावर कितीतरी हात फिरले. पण शालेम हे नाव मराठीत आणायच्या कामाला लागलेली माणसं सेलम नावाच्या गावात दीक्षा घेऊन निघाली होती, हे कळल्यावर मी आत्याबाईंना उत्साहाने सांगायला गेले. आत्याबाई म्हणाल्या, "दूध उतू जाते."

त्याच गावात ऑगस्ट १८९३ मध्ये विवेकानंदही गेले होते. शिकागोची परिषद दोन आठवड्यांवर आलेली, त्यांना तिकडे कोणी ओळखत नव्हतं, आणि २८ तारखेला सेलमच्या एका सभेत ते बोलले. चेटकीण, मिरी, हत्ती, मराठी बायबल आणि विवेकानंद. एका गावाने आणखी काय काय करायचं!

बाकीच्या सेलमांवर इतका जीव जडला नाही. ओरेगन राज्याची राजधानी सेलम आहे, तीही मिशनऱ्यांनीच वसवलेली. नॉर्थ कॅरोलायनात मोरेव्हियन पंथाच्या लोकांनी १७६६ मध्ये एक सेलम बसवलं, ते १९१३ मध्ये शेजारच्या विन्स्टनला जोडलं गेलं. तिथल्या तंबाखूच्या कंपनीने मग एका सिगारेटला विन्स्टन नाव दिलं आणि दुसरीला सेलम. आपल्या गोंदियाच्या विडीवाल्यांना एवढं सुचलं नाही, बरं झालं. अशी लहानमोठी सेलमं अमेरिकेत ढिगाने आहेत. नवा मुलूख, नाव काय ठेवायचं, तर उघडा बायबल आणि ठेवा बोट.

माणसांमधले दोन सेलम मात्र विसरता येत नाहीत. १७ जून १७७५ ला बॉस्टनजवळ बंकर हिलची लढाई झाली. इंग्रजांविरुद्ध लढणाऱ्या काळ्या सैनिकांमध्ये हे दोघे होते. एक पीटर सेलम आणि दुसरा सेलम पूअर. एकाचं आडनाव सेलम, दुसऱ्याचं पहिलं नाव सेलम. पीटर गुलाम म्हणून जन्माला आला, फौजेत भरती होता यावं म्हणून मालकाने त्याला मोकळं केलं. सेलम पूअरने १७६९ मध्ये सत्तावीस पौंड मोजून स्वतःला स्वतःच विकत घेतलं होतं. सत्तावीस पौंड त्याने कसे जमवले असतील, हा विचार माझ्या मनातून बरेच दिवस जाईना. लढाईनंतर चौदा अधिकाऱ्यांनी मिळून अर्ज केला की या माणसाने अनुभवी अधिकाऱ्यासारखं शौर्य गाजवलं आहे, त्याची कदर व्हावी. दोनशे वर्षांनी, १९७५ मध्ये, त्याच्यावर टपाल तिकीट निघालं. एकाच दिवशी एकाच टेकडीवर दोन सेलम म्हटल्यावर गल्लत होणारच, आणि ती अजूनही होते. आमच्या गावात असते तर लोकांनी संध्याकाळपर्यंत मोठा सेलम आणि लहान सेलम करून टाकलं असतं.

यात आपल्याला तोड नाही. चांदूर दोन झाले तर एक चांदूर बाजार, एक चांदूर रेल्वे. धामणगाव रेल्वे आणि धामणगाव बढे. अर्जुनी मोरगाव आणि सडक अर्जुनी. मंगरूळपीर आणि मंगरूळ दस्तगीर. एक गाव बुद्रुक, एक खुर्द, आणि उठून गेलेल्याला रिठ म्हणायचं. बारशाला नवं नाव शोधायची कटकटच नाही, जुन्याच नावाला शेपूट लावायचं आणि कामाला लागायचं. फक्त सेलू दोन राहिले, एक वर्ध्याचं, एक परभणीचं, त्यांची पार्सलं अजून चुकतात.

आणि वायगाव तर सगळ्यांच्या वरताण. वर्धा जिल्ह्यातच एक वायगाव निपाणी आहे आणि समुद्रपूर तालुक्यात दुसरं, वायगाव हळद्या. तिथली हळद इतकी नावाजलेली की तिला भौगोलिक मानांकन आहे. इथे गावाने हळदीला नाव दिलं आणि हळदीने गावाला. मी वर्धा जिल्ह्याची असल्यामुळे हे घरात अधूनमधून ऐकवते. माहेरचा अभिमान म्हणा. दीर त्यावर दरवेळी एकच बोलतात, "वायगाव बेस हाय वहिनी, पन उतारा सेलमचा." उताऱ्यापुढे, म्हणजे एकरी निघणाऱ्या मालापुढे, माझं काही चालत नाही. रिसोडच्या यार्डात कांडी म्हणजे हळकुंडं आणि गट्टू म्हणजे गड्डे असे दोनच ढीग लागतात, आणि बोली लावणारा माहेर-सासर विचारत बसत नाही.

यंदा पाण्याने दगा दिला आणि सेलमला शेतात नऊ महिने लागतात, तर दिरांनी एका कोपऱ्यात प्रगती लावायचं ठरवलंय. कोझिकोडच्या मसाला संशोधन संस्थेने काढलेलं वाण, १८० दिवसांत तयार होतं. मी म्हटलं, मग हिला कोझिकोडवाली म्हणायचं. दिरांनी दोनदा म्हणून पाहिलं, दोन्ही वेळा वेगळंच निघालं. "राहू द्या वहिनी," ते म्हणाले, "हिले आपन रिसोडवालीच म्हनू. बेनं तं तिथूनच आनतो."