चार जुनी मशिनं, एक स्विच आणि घरचा क्लस्टर

धातूच्या पत्र्यात उष्णता कशी पसरते याचं एक मॉडेल मी एकाच डेस्कटॉपवर चालवत होतो. ग्रिड, म्हणजे पत्र्यावरच्या बिंदूंची जाळी, ३०,००० × ३०,००० केली की अडायचं. एका ॲरेलाच (सगळ्या बिंदूंच्या तापमानांच्या तक्त्याला) ७.२ जीबी मेमरी लागते आणि ॲरे दोन हव्यात, जुन्या तापमानांची एक, नव्या तापमानांची दुसरी. ८ जीबीची चार सेकंडहँड ऑफिस-मशिनं जोडून क्लस्टर, म्हणजे एकाच कामावर राबणारा संगणकांचा गट, करायचा विचार त्यातून आला. कल्पना जुनीच आहे. १९९४ मध्ये नासाच्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी ४८६ चिपचे १६ साधे पीसी इथरनेटने (साध्या नेटवर्क केबलने) जोडून ‘बेओवुल्फ’ हा क्लस्टर उभा केला होता. रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकांचा मनोरा दिसायला देखणा असतो हे खरं, पण माझं गणित मेमरीच्या वेगावर अडतं आणि तिथे जुना डेस्कटॉप भारी पडतो.

मशिनं मुद्दाम एकाच मॉडेलची घेतली. सारखं काम वाटल्यावर सगळ्यांत हळू मशीन बाकीच्यांना थांबवून ठेवतं. मशिनं एकमेकांना जोडणारा, सेकंदाला एक अब्ज बिट वेगाचा गिगाबिट स्विच, चार केबल, डेबियन लिनक्स. हा भाग भराभर झाला.

खरा वेळ खाल्ला तो बारीकसारीक गोष्टींनी. पासवर्डशिवाय लॉगिनसाठी एसएसएच की (दूरच्या मशीनवर शिरायच्या डिजिटल किल्ल्या) वाटल्या, होम फोल्डर एनएफएसवरून, म्हणजे नेटवर्कवरून फाइली वाटून घ्यायच्या सोयीने, सगळीकडे दिसेल असं केलं. युजरचा अंकी आयडी चारही ठिकाणी एकच लागतो, नाहीतर स्वतःचीच फाइल परक्याची दिसते. मशिनांमध्ये निरोप पाठवणाऱ्या ओपन-एमपीआयची चाचणी एका मशीनवर धावायची, दोनवर गोठायची. फायरवॉल, केबल, सगळं तपासून झालं. शेवटी होस्ट्स फाइल, म्हणजे मशिनांची नावं आणि पत्ते यांची यादी, उघडली. डेबियन तिथे मशीनचं स्वतःचं नाव १२७.०.१.१ ला बांधून ठेवतं, त्यामुळे मशीन स्वतःचा पत्ता विचारलं की स्वतःकडेच बोट दाखवतं. ती ओळ काढून खरे पत्ते लिहिले. कामांची रांग लावण्यासाठी स्लर्म टाकलं, तर त्याचा ओळख तपासणारा पहारेकरी ‘मंज’ घड्याळं जुळत नाहीत म्हणून अडून बसला. घड्याळं जुळवणाऱ्या क्रोनीने चारही घड्याळं एका वेळेवर आणली आणि नोड, म्हणजे क्लस्टरमधली मशिनं, जागे झाले.

मग हौस म्हणून एचपीएल, म्हणजे समीकरणांचा मोठा संच सोडवून वेग मोजणारी लिनपॅक चाचणी. सगळ्यांत वेगवान संगणकांची टॉप५०० यादी १९९३ पासून लिनपॅकवरच ठरते, आपणही बघावं! एकूण ३२ जीबीपैकी ८० टक्के वापरायची तर मॅट्रिक्सची बाजू सुमारे ५६ हजार येते. साध्या इथरनेटवर प्रोसेसची (प्रोग्रामच्या एकाच वेळी चालणाऱ्या प्रतींची) मांडणी ४ × ४ ऐवजी २ × ८ अशी चपटी ठेवावी, असं एचपीएलच्या माहितीपत्रातच सुचवलंय. वेगाचा आकडा आला, मित्रांना पाठवला, आणि त्याचा उपयोग तिथेच संपला. माझं मॉडेल लिनपॅकसारखं वागत नाही.

ते कसं वागतं, हे क्लस्टरने नीट दाखवलं. ग्रिडच्या चार आडव्या पट्ट्या करायच्या, प्रत्येक मशीनला एक. दर पायरीला शेजाऱ्याशी फक्त काठावरची ओळ बदलायची. १,००० × १,००० च्या ग्रिडला ही ओळ ८ केबीची, म्हणजे गिगाबिटवर नुसत्या पाठवणीला ६४ मायक्रोसेकंद, वर निरोप निघून पोचायचा ठरलेला उशीर. प्रत्येकाच्या वाट्याला बिंदू जेमतेम अडीच लाख, त्यांचं गणित चुटकीसरशी उरकतं आणि मशिनं एकमेकांची वाट बघत बसतात. इतक्या लहान ग्रिडला चार मशिनं जोडून फारसं काही हाती लागत नाही. बाजू १० पट केली की काठ १० पट वाढतो, काम मात्र १०० पट. तिथून पुढे क्लस्टर आपली किंमत वसूल करतो. माझी ३० हजारांची ग्रिड आता दर मशीनला ३.६ जीबी मागते आणि बिनतक्रार चालते.

कुणी म्हणेल, १० गिगाबिटची नेटवर्क कार्डं टाक. मोह झाला होता. पण या मोठ्या ग्रिडवर काठाची ओळ २४० केबीची, पट्टीतले बिंदू साडेबावीस कोटी. वेळ गणितात जातो, तारेत नाही. लहान ग्रिड एका मशीनवरच चालवतो. मधल्या आकारांसाठी कोडमध्येच फेरफार केला: काठाची ओळ थांबून न पाठवता आधी रवाना करायची, ती वाटेत असताना पट्टीच्या पोटातले बिंदू काढायचे आणि शेजाऱ्याची ओळ आली की काठ पुरा करायचा. नव्या कार्डांचा विचार त्यानंतर मागे पडला.