खोकला, ताप आणि मग ओठांवर फोड : वयात येणाऱ्या मुलांच्या आईबाबांनी हे वाचाच

माझ्या भाच्याला, ताईच्या मुलाला, मागच्या पावसाळ्यात जे झालं त्याचं नावसुद्धा आमच्यात कुणी ऐकलेलं नव्हतं, आणि आठवी ते बारावीतली मुलं घरोघरी आहेत म्हणून हे लिहितेय.

डॉक्टर त्याला 'राईम' म्हणतात, पूर्ण नाव रिॲक्टिव्ह इन्फेक्शियस म्युकोक्युटेनियस इरप्शन. म्हणजे आधी श्वासमार्गाचं इन्फेक्शन होतं आणि त्याच्याशी लढताना शरीराची प्रतिकारशक्ती तोंड, डोळे, लघवीची जागा इथल्या नाजूक आवरणावरच उलटते असं मानतात. बऱ्याचदा यामागे मायकोप्लाझ्मा न्यूमोनिए हा जंतू असतो, पण फ्लू, कोविड, ॲडेनोव्हायरस यांच्यामुळेही होतं.

सुरुवात इतकी साधी की काय सांगू, आठवडाभर खोकला, ताप, घसा दुखतोय, पोरगा क्लासलाही जात होता. मग ओठ सुजले, तोंडात फोड, डोळे लालभडक. आजी म्हणाली उष्णता झालीये, तोंड आलंय, गुलकंद द्या. पण नेहमीचं तोंड येणं असं नसतं हो! ओठांवर रक्ताच्या काळ्या खपल्या, सकाळी ओठ एकमेकांना चिकटलेले, थुंकी गिळवत नाही म्हणून उशाशी सतत नॅपकिन. आणि अंगावर? हातावर चार-पाच चट्टे, बस.

हीच गोम आहे. आपण पुरळ किती आलंय त्यावरून आजार किती मोठा ते ठरवतो, इथे अंगावर फारसं काही नसतं, काहींना तर पुरळ येतच नाही. २०१५ साली मायकोप्लाझ्मामुळे होणाऱ्या या प्रकाराच्या २०२ केसेस एकत्र तपासल्या गेल्या, त्यात सरासरी वय होतं १२ च्या आसपास, दोन तृतीयांश मुलगे, तोंडाला त्रास ९४ टक्क्यांना, डोळ्यांना ८२ आणि लघवीच्या जागी ६३ टक्क्यांना. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा, कारण पंधरा-सोळा वर्षांचं पोर तिथे जखम झालीये हे आईला स्वतःहून कधीच सांगणार नाही, लघवीला जळजळ होते म्हणून पाणी प्यायचंच बंद करेल. तुम्ही विचारा, नाहीतर बाबांना किंवा मामाला विचारायला लावा.

डोळ्यांचं पण तसंच. डोळे आलेत म्हणून मेडिकलमधून ड्रॉप आणून घालत बसू नका, डोळ्यांच्या डॉक्टरांना लगेच दाखवा, आतून पापणी चिकटून कायमचा व्रण राहू शकतो.

आता औषधांचं. मायकोप्लाझ्माला पेशीभित्तिकाच, म्हणजे पेशीभोवतीचं कडक कवचच नसतं, त्यामुळे त्या कवचावर घाव घालणारी अमॉक्सिसिलिनसारखी औषधं त्याच्यावर चालत नाहीत, ॲझिथ्रोमायसिन किंवा डॉक्सिसायक्लिन लागतं, ते डॉक्टर ठरवतील, घरी उरलेली स्ट्रिप काढू नका प्लीज. काही मुलांना स्टेरॉइडही देतात. बाकी मुख्य काम म्हणजे सलाईन, वेदना कमी करणं, तोंडात सुन्न करणारं जेल, ओठांना व्हॅसलीन, गार दूध स्ट्रॉने.

आणि एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. हे दिसायला स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोमसारखं दिसतं, तो गंभीर आजार बहुतेक वेळा औषधाच्या रिॲक्शनने होतो, त्यामुळे तापात पोटात गेलेल्या प्रत्येक गोळीवर संशय येतो आणि ॲलर्जीचा शिक्का बसतो, मग पुढे आयुष्यभर चांगली अँटिबायोटिक्स टाळली जातात. औषधाने झालेलं असेल तर ते साधारण नवीन औषध सुरू केल्यावर ४ दिवस ते ४ आठवड्यांत दिसतं. म्हणून कुठली गोळी कुठल्या तारखेला सुरू केली, खोकला कधी लागला, पहिला फोड कधी दिसला हे कागदावर लिहून न्या, ताईने लिहून नेलं होतं आणि डॉक्टरांनी तोच कागद पुन्हापुन्हा बघितला. अर्थात खरं कारण कळेपर्यंत संशयित औषध स्वतःच्या मनाने परत सुरू करायचं नाही, आणि कातडी सुटायला लागली, श्वास लागला किंवा पोर पाणीच घेईना तर रात्र असली तरी हॉस्पिटल गाठा.

भाचा बरा झाला, बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात. पण वर सांगितलेल्या केसेसमध्ये ८ टक्क्यांना हे पुन्हा झालं होतं, म्हणून डिस्चार्ज कार्डाचा फोटो ताईने त्याच्या मोबाईलमध्येच ठेवलाय, पुढच्या वर्षी तो हॉस्टेलला जाणार आहे आणि तिथे खोकल्यामागून ओठ सुजले तर रूममेटने तो फोटो डॉक्टरांना दाखवायचा असं आत्ताच ठरवून टाकलंय.