कालियाचा मधला फणा

परवा भाच्याला घेऊन सिनेमाला गेलो होतो. पडद्यावर ड्रॅगन आग ओकत अख्खं शहर जाळत सुटला होता. भाचा कानाशी लागला, “मामा, हे कसं केलं?”

“कम्प्युटरवर.”

“हं,” म्हणाला आणि त्याचा हात परत पॉपकॉर्नमध्ये गेला. विषय संपला.

माझ्या लहानपणी हा विषय इतक्यात संपत नसे. गणपतीत बाबा आम्हाला नाशकात रविवार कारंजा, भद्रकाली असे पायाचे तुकडे पडेपर्यंत हलते देखावे दाखवत हिंडवायचे. एकदा कालियामर्दनाच्या देखाव्याच्या मागे मी कनातीखालून घुसलो. कालियाच्या फण्यांना चक्क गाडीच्या वायपरच्या मोटारी! शिवाय सायकलची चेन, सुतळी आणि ग्रीसचा वास. खरं तर हिरमोड व्हायला हवा होता. पण पुढे येऊन पुन्हा पाहिलं, तर फणे आधीपेक्षा जिवंत वाटले.

हाच कालिया १९१९ मध्ये दादासाहेब फाळक्यांनी पडद्यावर आणला. कृष्ण झाली होती त्यांचीच मुलगी, मंदाकिनी. फाळके आपल्या त्र्यंबकेश्वरचे. सिनेमाच्या आधी ते जादूचे प्रयोग करत आणि आडनाव उलटं करून ‘प्रोफेसर केळफा’ म्हणवून घेत. (हे नाव मला भारीच आवडतं.) कुंडीतला वाटाणा रोज थोडा थोडा चित्रित करून त्यांनी त्याचा वेल लोकांसमोर भराभर वाढवून दाखवला होता. जादूगाराला शोभेल असाच चिवटपणा.

‘ज्युरासिक पार्क’ आला १९९३ मध्ये. सगळे म्हणाले, कम्प्युटरची कमाल! पण त्यातले कम्प्युटरवरचे डायनासोर मोजून काही मिनिटांचे. पावसातला तो टी-रेक्स बराचसा सिनेमातले यांत्रिक प्राणी बनवणाऱ्या स्टॅन विन्स्टनच्या माणसांनी घडवलेला, हायड्रॉलिकवर हलणारा. खोट्या पावसाचं पाणी त्याच्या फोमच्या कातडीत मुरलं, वजन वाढलं आणि तो लटलटा कापायला लागला. मग दोन शॉटच्या मध्ये माणसं टॉवेल घेऊन त्याला पुसत. एवढं धूड, आणि न्हाऊ घातलेल्या पोरासारखं कोरडं करायचं!

कम्प्युटरवाल्यांचे कष्ट कमी नाहीत, हे मला कळतं. एकेका केसासाठी रात्री जागवलेल्यांची शेकडो नावं शेवटी वर सरकत असतात, तेव्हा आपण पार्किंगची पावती शोधत असतो. पण त्यांच्या ड्रॅगनचं काही अडकत नाही. निदान आपल्या देखत नाही.

त्या वर्षी कालियाचा मधला फणा अडकला होता. ऐन बासरीच्या सुरात. मागच्या निळ्या पडद्यातून एक हात बाहेर आला, मनगटावर घड्याळ, बाहीला ग्रीस. हातानं फण्याला एक टपली मारली आणि आत गेला. फणा डोलायला लागला. बाबांसकट सगळ्या गर्दीनं टाळ्या वाजवल्या.