तुम्ही विचारलंत म्हणून: नवऱ्याला वीस मिनिटं, गाडीला सात महिने

हा प्रश्न मला आधी शेजारच्या काकूंनी विचारला, मग ऑफिसात, मग मुलीच्या मैत्रिणींनी. आता कुठल्याही बारशाला, मुंजीला कोणीतरी विचारतंच. त्याला कारण माझा नवरा. जेवायला चार माणसं जमली की तो ही गोष्ट पानात मीठ वाढावं तशी सगळ्यांना वाढतो. "हिनं मला वीस मिनिटांत पसंत केलं आणि जुनी गाडी घ्यायला सात महिने लावले." सगळे हसतात. मग एक जण माझ्याकडे वळतो. "खरंच? असं कसं हो?"

विचारलंच आहे, तर आधी एक दुरुस्ती. वीस मिनिटांत मी त्याला पसंत केलं नव्हतं. पसंत त्यांनी केलं, मला. त्या दिवशी मी गिऱ्हाईक नव्हतेच.

1997 साल, सांगलीत विश्रामबागेतलं आमचं घर. पुण्याहून सात माणसं ट्रॅक्स करून आली होती. तपासणीची सूत्रं मुलाच्या आत्याकडे. त्यांनी मला पाणी आणायला सांगितलं. सात जणांपुढे पाण्याचे सात पेले आधीच भरून ठेवलेले होते, तरी मी स्वयंपाकघरात गेले आणि आणखी एक घेऊन आले. त्या पेल्याकडे कोणी बघितलंच नाही, आत्याबाई माझ्या पायांकडे बघत होत्या. मग पेपर हातात देऊन एक बातमी वाचायला लावली, म्हणजे डोळे आणि आवाज एकदमच झाले. "केस मोकळे किती लांब आहेत गं?" हेही झालं. बी. कॉम.चं मार्कलिस्ट दोघांच्या हातांतून फिरलं. माझ्या आईच्या वेळी सुई ओवायला लावली होती म्हणे, त्या मानाने आमच्याकडे सुधारणा झाली होती.

आणि पत्रिका. 36 पैकी 24 गुण जुळले होते. नाडीला 8, भकुटाला 7, गणाला 6, असं उतरत उतरत वर्णाला 1. अठराच्या वर गेलं की पास. आता गाड्यांनाही असे गुण मिळतात. भारत एनकॅप ही गाड्यांच्या सुरक्षेची सरकारी चाचणी 2023 च्या ऑक्टोबरात सुरू झाली, तिच्यात मोठ्या माणसांच्या सुरक्षेला 32 गुण असतात. फरक एवढाच की तिथे गुण देण्याआधी आत पुतळे बसवून गाडी खरोखर आदळतात. पत्रिकेत गुण आधी मिळतात आणि आदळआपट नंतर होते.

शेवटची पाच मिनिटं आम्हा दोघांना गच्चीवर पाठवलं. त्यानं विचारलं, "तुम्हाला काही विचारायचंय?" मी म्हटलं, "नाही." माझ्याकडे चार प्रश्न होते, पण आईनं बजावून ठेवलं होतं की "नाही" म्हणायचं, नाहीतर मुलगी फार बोलते असं होतं. तो म्हणाला, "मलाही नाही." मग आम्ही दोघं शेजारच्यांच्या वाळत घातलेल्या सांडग्यांकडे बघत उभे राहिलो.

त्या दिवशी त्यानं पोहे जेमतेम चार घास खाल्ले. ते गेल्यावर आई वडिलांना म्हणाली, "मुलगा मिताहारी दिसतो." लग्नानंतर महिन्याभरात कळलं की मिताहारी वगैरे काही नाही. खंबाटकी घाटात ट्रॅक्समध्ये त्याला मळमळायला लागलं होतं आणि सांगलीत पोचेपर्यंत पोट जागेवर आलं नव्हतं. एरवी तो एका बैठकीत पोह्यांची कढई संपवतो.

पुढे गाडी बघायला लागले तेव्हा हे पोहे मला फार उपयोगी पडले. शोरूममध्ये पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच असतो, अ‍ॅव्हरेज किती देते? माहितीपत्रकावर जो आकडा छापलेला असतो तो बहुतेक वेळा गाड्यांच्या चाचण्या घेणाऱ्या एआरएआयचा. ही संस्था आमच्या कोथरूडलाच, वेताळ टेकडीवर आहे. तिथे गाडी बंद खोलीत रोलरवर चालवतात. चाकं फिरतात, गाडी जागची हलत नाही. खड्डा नाही, सिग्नल नाही, मागे सामानासकट बसलेली सासरची माणसं नाहीत. आकडा खोटा नसतो हो, पण तो त्या खोलीतला असतो. "मिताहारी" हाही तसाच, घाट चढून आलेल्या दिवसाचा आकडा.

सासऱ्यांच्या वेळी एवढासुद्धा विचार करायची सोय नव्हती. मोटार म्हणजे एक तर अँबॅसडर, नाहीतर पद्मिनी, जिला सगळे मरेपर्यंत फियाटच म्हणाले. पैसे भरायचे आणि वर्षानुवर्षं नंबर लागायची वाट बघायची. 1983 च्या डिसेंबरात मारुती 800 आली तेव्हा कुठे लोकांना कळलं की गाडीत आवडनिवड असू शकते. सासरे म्हणायचे, आम्हाला जी मिळाली ती आम्ही चालवली. ते फियाटबद्दल बोलत होते. सासूबाई लगेच आत निघून गेल्या.

असो. 2019 साली मी पंचेचाळिशीची होते, स्वतःच्या पगारातून साठवलेले पैसे होते आणि पहिल्यांदा मी गिऱ्हाईक होते. नवऱ्याला गाडी चालवता येत नाही, त्यानं "तूच बघ" म्हटलं. नवी परवडत नव्हती, म्हणून वापरलेली बघायची ठरलं. मग मी बघितल्या. अकरा.

वापरलेल्या गाड्यांच्या जाहिराती वाचताना मला सारखं वाटायचं, हे कुठेतरी वाचलंय. "सिंगल हँड, डॉक्टरने वापरलेली, कमी चाललेली, एकही स्क्रॅच नाही." मग आठवलं, "गोरी, सुस्वरूप, गृहकृत्यदक्ष". डॉक्टरांचं स्थान दोन्हीकडच्या जाहिरातींत सारखंच वरचं. खरं म्हणजे डॉक्टरची गाडी रात्री-अपरात्री थंड इंजिनावर निघते, दोन किलोमीटर जाऊन बंद होते, पुन्हा निघते. इंजिनाला याच्याइतकं वाईट काही नाही. हे मला आमच्या मिस्त्रींनी सांगितलं.

मिस्त्री हा या गोष्टीतला सगळ्यात शहाणा माणूस. त्यांनी मला चार गोष्टी शिकवल्या. टायरच्या कडेला चार आकडे असतात, 3517 म्हणजे 2017 सालचा 35वा आठवडा. टायर कधीचा ते टायरच सांगतो, मालकाला विचारायचं नाही. दारांच्या बिजागरीच्या बोल्टवर पान्याचे ओरखडे दिसले तर दार कधीतरी उतरवलेलं आहे. मीटर मागे फिरवता येतो, पण पेडलचं रबर मागे फिरत नाही. चिंचवडला एका एजंटानं दाखवलेल्या गाडीचा मीटर 38,000 किलोमीटर म्हणत होता आणि ब्रेकचं पेडल पायरीच्या दगडासारखं गुळगुळीत झालं होतं. आणि चौथी, जी मी सगळ्यांना सांगते: गाडी नेहमी थंड असताना बघायची. सकाळी न सांगता लवकर जायचं. मालकानं आधीच चालू करून तापवून ठेवली असेल तर चहा प्यायचा आणि दुसऱ्या दिवशी परत जायचं. गरम इंजिन सगळ्यांचंच गोड बोलतं.

कागदपत्रांचं तर मला व्यसनच लागलं. आर.सी. बुकावर बँकेचा बोजा असेल तर तसं तिथे लिहिलेलं असतं. कर्ज फिटल्याचं पत्र बँकेकडून आणून तो उतरवून घ्यावा लागतो, त्याशिवाय गाडी नावावर करायच्या भानगडीत पडायचं नाही. इकडे आमच्या लग्नात घराचे हप्ते आणि दोन नणंदांची लग्नं एवढा बोजा होता आणि तो कुठल्याही बुकात लिहिलेला नव्हता. मी तक्रार करत नाहीये. दोन्ही नणंदा गुणाच्या आहेत आणि एक तर हे वाचणार आहे.

खरी गंमत सातव्या गाडीला झाली. एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी गाडीभोवती फिरत होते. खाली वाकून बघितलं, दार लावून आवाज ऐकला, दिवे लावायला सांगितले. मग मालकाला म्हटलं, "जरा चालवून दाखवता?" आणि माझ्या कानांत एकदम आत्याबाई बोलल्या. तोच सूर. मी थबकलेच. बिचारी गाडी पार्किंगमधून बाहेर गेली आणि वळून परत आली, मी तिच्या चाकांकडे बघत होते. मालकाला वाटलं मला गाडी आवडली नाही. त्यानं दहा हजार उतरवले.

घरी येऊन मी नवऱ्याला हे सांगितलं. तो म्हणाला, "मग तिला पाणी आणायला सांगितलंस का?"

अकरावी गाडी सहकारनगरला एका निवृत्त गृहस्थांची होती. पांढरी, 2012 ची. मी सकाळी सातला न सांगता गेले. बॉनेटला हात लावला, गार. काका बनियनवर बाहेर आले आणि रागावले नाहीत. आत जाऊन शर्ट घालून आले, एक वही घेऊन. तिच्यात सात वर्षांत भरलेल्या पेट्रोलची प्रत्येक नोंद होती, तारीख, लिटर, मीटरचा आकडा. विम्याचे कागद पुढे ठेवले. 50 टक्के नो क्लेम बोनस, दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, म्हणजे निदान पाच वर्षं एकही दावा नाही. "हा बोनस मात्र मी देणार नाही हं," म्हणाले, "तो गाडीचा नसतो, माणसाचा असतो." खरंच नियम तसा आहे.

मग न विचारता त्यांनी सांगितलं, "तिसऱ्या गिअरला, चढ असला की, डाव्या दारातून आवाज येतो. चार वेळा दार उघडून बघितलं. सापडला नाही. तुम्हालाही सापडणार नाही. तो धरून किंमत सांगतोय."

सात महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी आपल्या गाडीचा दोष स्वतःहून सांगत होतं. मी ताबडतोब हो म्हणणार, तेवढ्यात काका म्हणाले, "आता मी विचारतो. कोण चालवणार?" मी म्हटलं, मीच. "रोज किती? लावणार कुठे? सावली आहे का? घरात कोणाला क्लचवर पाय ठेवून चालवायची सवय आहे? सर्व्हिसिंग स्वतः उभं राहून करून घ्याल की चावी देऊन घरी याल?" काकू आतून म्हणाल्या, "अहो, पुरे." ते थांबले नाहीत. मी एकेक उत्तर देत होते आणि घशाशी काहीतरी येत होतं. माझ्या वडिलांनी मुलाचा पगार विचारला होता आणि घर स्वतःचं आहे का ते विचारलं होतं. सावली आहे का, हे विचारायचं त्यांना सुचलं नसेल, किंवा मुलीच्या बापानं विचारायचं नसतं असं त्यांनाही कोणीतरी बजावलं असेल.

काकांच्या परीक्षेत मी पास झाले. गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्या. न्यायला गेले त्या दिवशी गाडी धुऊन पुसून ठेवलेली होती, काकूंनी बॉनेटवर हळदकुंकू लावलं. काकांनी दुसरी चावी दिली, वही दिली आणि फाटक धरून उभे राहिले. मी आरशात बघितलं नाही.

पुढची तीन वर्षं दर दसऱ्याला त्यांचा फोन यायचा, "कशी आहे?" नवरा म्हणायचा, माझ्या सासऱ्यांनी मला इतके फोन केले नव्हते. हे मात्र खोटं आहे. बाबा करायचे, तो घरी नसायचा.

परवा आम्ही सांगलीला निघालो होतो. खंबाटकी लागायच्या आधी नवऱ्यानं नेहमीप्रमाणे मळमळीची गोळी घेतली आणि सीट मागे टाकून झोपला. घाट लागला, मी तिसरा गिअर टाकला. डावीकडून दोन आवाज यायला लागले. त्यातल्या एकाची मला आधी कल्पना दिलेली होती.