आफ्टरग्लो नोंदवही, भाग ७ : केळे अखेर आखडले

मागच्या नोंदीत कॉर्नर प्लॉटमधल्या (मॉडेलच्या प्राचलांच्या, म्हणजे मोकळ्या संख्यांच्या, जोड्यांच्या आलेखातल्या) ज्या लांबलचक, वाकड्या पट्टीला मी वैतागून ‘केळे’ म्हटले होते, ती या आठवड्यात अखेर आखडली, आणि जीडब्ल्यू१७०८१७च्या, म्हणजे २०१७ मध्ये गुरुत्वलहरींतून टिपलेल्या दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीच्या, झोताचा दर्शनकोन (झोताचा अक्ष आणि आपली दृष्टिरेषा यांतला कोन) माझ्या संगणकावर प्रथमच २१ अंशांच्या आसपास स्थिरावला. गेले तीन आठवडे ज्याला मी मॉडेलचा दोष समजत होते, तो माझ्याच एका ओळीतला घोटाळा निघाला. त्याची हकिगत जरा सविस्तर लिहिते, कारण स्वतःचे कोड लिहिणाऱ्यांपैकी बरेच जण याच खड्ड्याच्या काठावरून जाणार आहेत.

आधी जे सुरळीत झाले ते सांगते. टॉप-हॅट झोताला (आत सगळीकडे सारखी ऊर्जा, कडेबाहेर एकदम शून्य) मी कायमचा निरोप दिला आहे. तसा झोत बाजूने पाहिला तर सुरुवातीला जवळजवळ काहीच दिसत नाही आणि मग तेजस्विता एकदम उसळते. १७ ऑगस्ट २०१७ नंतरचा खरा प्रकाशवक्र, म्हणजे झोत सभोवतालच्या वायूवर आदळून उठलेल्या आफ्टरग्लोच्या तेजस्वितेचा आलेख, मात्र नवव्या दिवशीच्या क्ष-किरणांपासून आणि सोळाव्या दिवशीच्या रेडिओ नोंदीपासून जवळपास १६० व्या दिवसापर्यंत, काळाच्या ०.८ घाताने, सावकाश चढत गेला. गाउसियन झोत (मध्यापासून कडेकडे ऊर्जा हळूहळू कमी होणारा) घेतल्यावर हा चढ पहिल्याच धावेत जुळला. तो आलेख मी छापून भिंतीवर लावला, हे कबूल करायला मला संकोच वाटत नाही. रेडिओपासून क्ष-किरणांपर्यंतचा वर्णपट उणे ०.५८ घाताच्या एकाच नियमाने जातो आणि जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचे १ गिगाहर्ट्झखालचे बिंदूही त्याच रेषेत बसतात. त्यामुळे इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जावाटपाचा निर्देशांक २.१६ ला खिळवून मी एक प्राचल वाचवले.

आता केळ्याकडे वळते. प्रकाशवक्राचा चढ किती सौम्य आणि शिखर किती टोकदार हे दर्शनकोन आणि गाभ्याचा कोन (झोताच्या तेजस्वी मध्यभागाची कोनीय रुंदी) यांच्या गुणोत्तरावर ठरते, स्वतंत्रपणे त्या दोहोंपैकी एकावरही नाही. दोन्ही कोन दुप्पट केले तर शिखर उशिरा येते खरे, पण ऊर्जा आणि सभोवतालची घनता यांचे गुणोत्तर बदलून ते पुन्हा १६० व्या दिवसाजवळ आणता येते. म्हणून माझी साखळी (एमसी या पायथन पॅकेजने प्राचलांच्या शक्य किमतींतून केलेली यादृच्छिक भटकंती) दर्शनकोनात ०.२ रेडियनपासून ०.६ रेडियनपर्यंत मनमुराद हिंडत होती आणि गुणोत्तर तेवढे साडेपाचच्या जवळ ठाम होते. नुसत्या प्रकाशवक्राकडून याहून जास्त अपेक्षा करणे चूक आहे. त्यात ती माहितीच नाही.

ती माहिती व्हीएलबीआयकडे, म्हणजे दूरदूरच्या रेडिओ दुर्बिणी एकत्र जोडून केलेल्या मोजमापाकडे, आहे. ७५ व्या आणि २३० व्या दिवसांदरम्यान रेडिओ स्रोताचा मध्य आकाशात २.७ मिलीआर्कसेकंद सरकला. हे गणित एकदा हाताने करून पाहण्यासारखे आहे. २.७ मिलीआर्कसेकंद म्हणजे सुमारे १.३ गुणिले १०चा उणे आठवा घात इतके रेडियन. ४१ मेगापार्सेक अंतराने त्याला गुणले की जवळपास ०.५४ पार्सेक, म्हणजे १.७५ प्रकाशवर्षे येतात. हे अंतर १५५ दिवसांत, म्हणजे ०.४२ वर्षात कापले गेलेले दिसते, तेव्हा भासमान वेग प्रकाशाच्या ४.१ पट ठरतो. हा अर्थातच भास आहे: स्रोत आपल्याच प्रकाशाच्या मागोमाग आपल्याकडे धावत असल्यामुळे दोन तारखांमधला काळ आपल्याला आकसलेला दिसतो. भासमान वेग चारपट हवा असेल तर तेजस्वी भाग आपल्या दृष्टिरेषेपासून ढोबळमानाने पाव रेडियनवरच असायला हवा, म्हणून केळ्याचा मोठा भाग या एका आकड्याने छाटला जाणार अशी माझी खात्री होती.

झाले भलतेच. तो आकडा घातल्याबरोबर सगळे वॉकर (साखळीतले भटके बिंदू) ०.६ रेडियनच्या भिंतीकडे, म्हणजे मी घातलेल्या कमाल मर्यादेकडे, धावले, भिंत ०.७ वर नेली तर तिलाही जाऊन चिकटले. मी आधी गणनेच्या जाळीवर संशय घेतला आणि तिची सूक्ष्मता दुप्पट, मग चौपट केली. नंतर झोताच्या आडव्या फैलावावर संशय घेतला, कारण माझ्या कोडमध्ये तो नाही. त्रुटींच्या पट्ट्याही तपासल्या, आणि तिथे एक वेगळीच लबाडी सापडली: मी वापरत असलेल्या एका संकलित तक्त्यात क्ष-किरणांच्या त्रुटी ९० टक्के विश्वासपातळीच्या होत्या, रेडिओच्या एक सिग्माच्या (सुमारे ६८ टक्के), आणि तळटीप त्याबद्दल मौन बाळगून होती. ते दुरुस्त केले, तरी वॉकर भिंतीलाच. त्यात भाड्याने घेतलेल्या संगणकाने मध्यरात्री एक लांब धाव अर्ध्यावर मारली. तेव्हापासून एमसीची साखळी मी प्रत्येक पायरीला फाइलमध्ये साठवते. ती सोय पॅकेजमध्ये होतीच, आळस माझा होता.

माझी सगळ्यात मोठी दिशाभूल आफ्टरग्लोपाय या तयार पॅकेजने केली, म्हणजे खरे तर मीच त्याच्या आधारे करून घेतली. माझा प्रकाशवक्र त्याच्या प्रकाशवक्राशी तंतोतंत जुळत होता, म्हणून ‘कोड बरोबर आहे’ असे मी ठरवून टाकले. पण मी ताडून पाहिली होती ती तेजस्विता, विस्थापन नव्हे.

अखेर गुरुवारी साखळी बाजूला ठेवून २० अंशांच्या झोताचे चित्र काढले: उगमाशी ठिपका, ७५ व्या दिवसाच्या मध्याला एक फुली आणि २३० व्या दिवसाच्या मध्याला दुसरी. पहिली फुली उगमापासून सव्वादोन मिलीआर्कसेकंदांहून थोडी पुढे होती, दुसरी पाचच्या जवळ, आणि दोन्ही फुल्यांमधले अंतर होते बरोबर हवे तेवढे. मी कोडमध्ये २३० व्या दिवसाचे उगमापासूनचे संपूर्ण विस्थापन २.७ शी ताडत होते. व्हीएलबीआयने मोजलेले अंतर दोन तारखांमधले आहे. ७५ व्या दिवसापूर्वी स्रोत किती सरकला हे त्या मोजमापाला ठाऊकच नाही. सगळा प्रवास २.७ मध्ये कोंबायचा तर वेग कमी हवा, वेग कमी हवा तर कोन मोठा हवा, आणि बिचारे वॉकर मी सांगितलेलेच प्रामाणिकपणे करत होते. एक वजाबाकी घातली आणि पुढच्या धावेत दर्शनकोन ०.३७ रेडियन, गाभा ०.०६७ रेडियन. केळ्याची चिंच झाली.

इथपर्यंत लिहून पुढची नोंद किलोनोव्हावर (टकरीत फेकल्या गेलेल्या द्रव्याच्या चमकेवर), म्हणजे एटी२०१७जीएफओच्या निळ्याकडून तांबड्याकडे जाणाऱ्या रंगावर करायची असे ठरले होते. पण वरचा परिच्छेद लिहिता लिहिता लक्षात आले की चुकून मी जे मोजत होते, ते उगमापासूनचे विस्थापन, हीच मुळात अधिक मोलाची गोष्ट आहे, फक्त उगम कुठे हे ठाऊक हवे. आणि ते ठाऊक आहे! आठव्या दिवशी हबलला दिसलेला प्रकाश किलोनोव्हाचा होता, झोताचा नव्हे, आणि किलोनोव्हा टकरीच्या जागीच असतो. त्याचे स्थान गाया या अवकाश दुर्बिणीने मोजलेल्या ताऱ्यांच्या चौकटीत बसवून व्हीएलबीआयच्या स्थानांशी जोडण्याचे काम २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले आहे: सुरुवातीचा भासमान वेग प्रकाशाच्या सुमारे सातपट आणि दर्शनकोन १९ ते २५ अंश. माझ्या चित्रातली पहिली फुली नेमका हाच वेग सांगत होती आणि मी तिच्याकडे पाहिलेही नव्हते. तेव्हा किलोनोव्हा थांबेल. आधी हा तिसरा बिंदू जाईल.

तो घालताना हजाराव्या दिवसानंतरच्या क्ष-किरणांचे काय करायचे, हा प्रश्न उरतो. ते बिंदू झोताच्या उतरत्या रेषेच्या किंचित वर दिसतात, आणि ती किलोनोव्हाच्या द्रव्याची स्वतःची उशिरा आलेली चमक आहे की मॉडेलची उणीव, यावर वाद आहे. सध्या ते वगळण्याऐवजी क्ष-किरणांत एक जादा स्थिर पद घालून त्याला मोकळे सोडावे असा माझा कल आहे. त्याने एक प्राचल वाढेल, म्हणजे २.१६ ला खिळवून जे वाचवले होते ते परत जाईल. चार वॉकरांवर छोटी चाचणी आताच लावली होती. प्राचलांच्या दुपटीहून कमी वॉकर दिल्यामुळे एमसीने ती सुरूच करायला नकार दिला, म्हणून आता बत्तीस देऊन पुन्हा लावली आहे.