तुम्ही विचारलंत म्हणून : भेट दिलेल्या गाण्यासोबत काय लिहायचं?

‘गाणं ठरलंय हो, पण सोबत काय लिहू?’ सोलापुरात संक्रांतीच्या गड्ड्यापासून, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेपासून, लग्नसराई संपेपर्यंत हा प्रश्न सारखा येतो. कुणाला सासरी गेलेल्या बहिणीला गाणं पाठवायचं असतं, कुणाला अप्पांच्या सेवापूर्तीला ऑर्केस्ट्राकडून एक गाणं गाऊन घ्यायचं असतं. कुणाची लेक सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला नोकरीवर निघालेली असते आणि तिच्या बॅगेत, शेंगाचटणीच्या पुड्याशेजारी, गाण्याचा क्यूआर कोड छापलेलं कार्ड ठेवायचं असतं. गाणं निवडताना कुणी अडत नाही, घोडं अडतं ते चार ओळींपाशी. म्हणून जे कामाला येतं ते सगळं इथं सांगते.

रेडिओवरच्या फर्माईशीत नावं आणि गाव वाचलं की पुरायचं, कारण गावभर आपलं नाव ऐकू जाणं हीच तिथली भेट होती. तुमचं गाणं मात्र एकाच माणसाकडे जातंय, आणि त्यानं ते आधी शंभरदा ऐकलेलं असणार. तेच गाणं आज तुमच्याकडून का येतंय, एवढं मजकुरानं सांगायचं. म्हणून मजकुरात निदान एक गोष्ट अशी हवी, जी तुमच्याखेरीज दुसरं कुणी लिहूच शकणार नाही.

हा मसुदा बघा : ‘प्रिय अक्का, तू माझ्या आयुष्यातला अनमोल ठेवा आहेस. तुझं प्रेम शब्दांत मांडता येणार नाही. हे गाणं खास तुझ्यासाठी.’ यात खोटं काहीच नाही. तरी सोलापुरातल्या कुठल्याही भावानं कुठल्याही अक्काला हा पाठवला तरी चालेल, आणि अडचण तीच आहे. आता हा दुसरा :

‘अक्का, दहावीला मी माडीवर अभ्यासाला बसायचो तेव्हा तू खाली उखळात शेंगा कुटत हे गाणं म्हणायचीस. दुसरं कडवं तुला यायचं नाही, तिथं नुसती गुणगुणायचीस. पाठवतोय त्यात ते कडवं पूर्ण आहे, दोन मिनिटं दहा सेकंदांना येतं. मी ऐकतो तेव्हा तिथं मला तुझं गुणगुणणंच ऐकू येतं. रात्री सगळं आवरल्यावर ऐक. – बाळ्या’

पन्नासेक शब्द आहेत. प्रेम, माया, आठवण यांतला एकही शब्द नाही, आणि तिघीही आहेत. जागा आहे, हातातलं काम आहे, गाण्यातलं नेमकं ठिकाण आहे, ऐकायची वेळ आहे, आणि शेवटी ती ज्या नावानं हाक मारते ते नाव आहे. सगळ्यांत मोलाचं काय, तर तिला न येणारं कडवं. आपल्या माणसाच्या गुणांची यादी कुणीही करतं. त्याच्या एखाद्या लहानशा सवयीकडे आपलं इतकी वर्षं लक्ष होतं, हे कळणं फार मोठं असतं.

ती गोष्ट आठवत नसेल तर लिहायला बसू नका. आधी गाणं लावा आणि कोऱ्या कागदावर त्या माणसाबद्दल सुचेल ते उतरवत जा : कुठं बसायचे, हातात काय असायचं, काय म्हणायचे, कशावरून चिडायचे. यंत्रमागावरून रात्रपाळी करून आल्यावर अप्पा चहाआधी रेडिओ लावायचे का? आई परीक्षेच्या दिवशी सिद्धेश्वराला जाऊन यायची का? दहा-बारा गोष्टी झाल्या की ‘कष्टाळू’, ‘प्रेमळ’, ‘सगळ्यांना धरून राहणारे’ असली विशेषणं खोडा. डोळ्यांना दिसतील किंवा कानांना ऐकू येतील अशा गोष्टी ठेवा आणि त्यातली गाण्याला सर्वांत जवळची एकच उचला. दोन घेतल्या तर वाचणारा दोन्हीकडे अर्धा अर्धा जातो. उरलेल्या पुढच्या वाढदिवसाला होतील.

गाण्याचे शब्द मजकुरात उतरवू नका. ते गाण्यात येणारच आहेत, आणि त्यांच्यापुढे आपली साधी ओळ फिकी पडते. गाण्यातली एक जागा मात्र जरूर दाखवा : कडवं संपून मुखड्यावर, म्हणजे सुरुवातीच्या ओळीवर, परतताना गायकानं घेतलेली सुरांची हरकत, मधली बासरी, काहीही. मिनिट-सेकंद सांगायचे असतील तर जी लिंक पाठवणार तीच लावून मोजा. एकाच गाण्याच्या वेगवेगळ्या चित्रफितींत सुरुवातीचा भाग कमीजास्त असतो आणि दहा-वीस सेकंदांचा फरक सहज पडतो.

तसंच, गाणं शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय पाठवू नका. सगळ्यांत जास्त चूक इथं होते. मुखडा ओठांवर असतो, तिसरं कडवं कुणाला आठवत नाही. चाल उडती असते आणि शेवटी ताटातूट असते, किंवा अभंग गोड लागतो आणि अखेरच्या चरणात देह ठेवायची भाषा येते. पंच्याहत्तरीच्या आजोबांना ते कसं लागेल याचा विचार करा. जुन्या भावगीतांत उलटाही प्रकार होतो. 78 आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावायची, त्यामुळे कवितेतली काही कडवी गायलीच जात नसत. पुस्तकात वाचलेल्या कडव्याचा मजकुरात उल्लेख केलात आणि गाण्यात ते आलंच नाही, तर ऐकणारा शेवटपर्यंत वाट बघत बसतो.

सोलापूरचा म्हणून एक वेगळा प्रश्न आहे. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकरांच्या घरांत आजीचं आवडतं गाणं तेलुगू असतं, कितीतरी लिंगायत घरांत कन्नड, आणि नातवंडं शिकलेली असतात मराठीत किंवा इंग्रजीत. मग मजकूर कुठल्या भाषेत लिहायचा? त्या माणसाशी तुम्ही घरात ज्या भाषेत बोलता, त्या भाषेत, लिपी देवनागरी असली तरी चालेल. गाण्याची भाषा वेगळी असली म्हणून बिघडत नाही. ज्याला गाण्याची भाषा येत नाही त्याच्यासाठी एका ओळीचा अर्थ आपल्या शब्दांत सांगा. सबंध गाण्याचा अर्थ लिहायला गेलात तर पत्राचा धडा होतो. आजीला वाचता येत नसेल तर मजकूर कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवणार हे धरून लिहा : आठ-दहा शब्दांची वाक्यं, कंस नाहीत, आणि नातवाच्या तोंडी अवघडल्यासारखं होईल असं काही नाही. त्याहून चांगलं म्हणजे तुमच्याच आवाजात अर्ध्या मिनिटाचा व्हॉइस मेसेज, आणि त्याच्यामागोमाग गाणं.

संबोधन घरातलंच ठेवा. अक्का, अण्णा, अप्पा, अव्वा, काका, जी हाक रोज मारता ती. रोज ‘ये की’, ‘बस की’ म्हणणारा माणूस कागदावर एकदम ‘आपणांस’ लिहायला लागला की परका वाटतो. सासऱ्यांना, गुरुजींना, वरिष्ठांना लिहिताना अहो-जाहो नीट पाळा, ‘तीर्थस्वरूप’ आणि ‘साष्टांग नमस्कार’सुद्धा शोभतात. मधला मजकूर मात्र तिथंही साधाच असू द्या.

लांबी माध्यमावर ठरते. पोस्टकार्ड 14 सेंटिमीटर बाय 9 सेंटिमीटरचं असतं, त्यावर मोकळ्या अक्षरात दहा-अकरा ओळी, म्हणजे साठ-सत्तर शब्द बसतात. ते माप मला सगळ्यांत आवडतं, फोनवर लिहितानाही तेवढंच धरा. गुळगुळीत कार्डावर जेल पेन फिसकटतं, तिथं बॉलपेन घ्या आणि पाच मिनिटं वाळू द्या. लग्नात किंवा सेवापूर्तीला माइकवरून वाचायचं असेल तर पंचवीस-तीस शब्दांपुढे जाऊ नका. पंगतीच्या गडबडीत लोक तेवढंच ऐकतात. निवेदकाला कागद मोठ्या अक्षरांत द्या आणि आडनावांचा उच्चार आधी तोंडी सांगा. तेलुगू-कन्नड आडनावं माइकवर हमखास मोडतात, आणि ज्याचं आडनाव चुकलं त्याला पुढचं काही ऐकू येत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर मजकूर आणि लिंक एकाच संदेशात टाका, लिंक अगदी शेवटच्या ओळीत. वेगवेगळे पाठवले की पुढं ढकलताना लिंक तेवढी जाते आणि मजकूर मागं राहतो. लिंकच्या वर गाण्याचं नाव, गायक, गीतकार, संगीतकार लिहा. चित्रफीत उद्या काढून टाकली गेली तरी त्यावरून गाणं शोधता येतं. पडद्यावरच्या नटाचं नाव लिहून थांबू नका, गाणाऱ्याचं लिहा. कार्डावर क्यूआर छापायचा तर निदान दोन बाय दोन सेंटिमीटर, पांढऱ्यावर काळा, चारी बाजूंनी मोकळी जागा. लग्नपत्रिकेच्या मरून कागदावर सोनेरी क्यूआर दिसतो छान, पण बऱ्याच फोनना वाचता येत नाही. फुकट क्यूआर देणाऱ्या संकेतस्थळांवर ‘डायनॅमिक’, म्हणजे आधी त्यांच्या संकेतस्थळावरून वळून जाणारा, घेऊ नका, त्यातले काही मुदत संपली की बंद पडतात. ‘स्टॅटिक’, म्हणजे गाण्याची लिंक थेट कोडातच असलेला, घ्या आणि छापायच्या आधी दोन वेगळ्या फोनवर तपासा.

दोन प्रसंगांत जास्त सांभाळायला हवं. माफी मागायची असेल तर काय चुकलं ते एका वाक्यात सरळ लिहा. गाण्याच्या आडून मागितलेली माफी समोरच्याला पोचत नाही, उलट चीड येते. आणि दुःखाच्या घरी पहिल्या दिवसांत गाणं पाठवू नका. महिना-दोन महिन्यांनी, येणारी माणसं कमी झाल्यावर, गेलेल्या माणसाच्या आवडीचं गाणं पाठवा आणि सोबत त्यांची एखादी आठवण लिहा. ‘धीर धरा’ लिहू नका, ते सगळ्यांनी सांगून झालेलं असतं.

ऑफिसातल्या दहाजणांकडून एकच गाणं जात असेल तर मजकूर एकानंच लिहावा, बाकीच्यांनी खाली नुसती नावं घालावीत. दहाजणांच्या दहा ओळींत ‘पुढील वाटचालीस शुभेच्छा’ सहा वेळा येतं.

लिहून झालं की मोठ्यानं वाचा. वाचताना जिथं अडखळता ते वाक्य तोडा. जिथं आपलाच आवाज भाषणासारखा लागतो ते काढा. शेवटी ‘कसं वाटलं ते नक्की कळव’ असेल तर तेही खोडा, भेटीसोबत गृहपाठ जायला नको. पाठवल्यावर ‘ऐकलंस का?’ म्हणून फोन करू नका. निळ्या खुणा दिसल्या म्हणजे मजकूर वाचला एवढंच कळतं. गाणं तुमची अक्का कदाचित रविवारी, कानात इअरफोन घालून, एकटी असताना ऐकेल.