मागाच्या सुतारकामापासून जुन्या फर्निचरपर्यंत : आमची वाटचाल

आमचा व्यवसाय मुळात फर्निचरचा नव्हता. सोलापुरात 1877 मध्ये कापड गिरणी उभी राहिली, जिला गावात आजही जुनी मिल म्हणतात, आणि पुढे गिरण्यांच्या जोडीने पूर्व भागातल्या घराघरांत हातमाग व यंत्रमाग वाढत गेले. या मागांची लाकडी कामे करणाऱ्या सुतारांपैकी आमचे आजोबा एक होते. हातमागाची चौकट उभी करणे, झिजलेला धोटा, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणारा लाकडी तुकडा, घासून पुन्हा चालता करणे, यंत्रमागावर धोट्याला टोला देणारी काठी बदलणे, अशी कामे वडिलांच्या काळापर्यंत नियमित येत असत. लाकूड दिसायला कसे आहे याला या कामात काही किंमत नव्हती. पण धोट्यावर एक कुसळ राहिले तरी ताण्याचे, म्हणजे उभे, धागे तुटतात आणि चौकटीचा सांधा ढिला झाला तर कापड वाकडे येते, म्हणून सांधा आणि गुळगुळीतपणा या दोन गोष्टींवर आमच्या कारखान्यात कधी तडजोड झाली नाही.

नंतर धोट्याशिवाय चालणारे रेपियर माग आले आणि मागाची लाकडी कामे झपाट्याने कमी झाली. त्याच सुमारास पेठांमधले जुने वाडे पाडून तिथे अपार्टमेंट उभी राहू लागली होती. वर्षानुवर्षे मागाच्या कामासाठी आमच्याकडे येणारे विणकरच घरातला पाळणा, देव्हारा, चौरंग किंवा फडताळ घेऊन येऊ लागले, कारण नव्या फ्लॅटमध्ये जागा कमी असली तरी आजीचा पाळणा भंगारात द्यायला कोणाचा हात धजत नव्हता. जुन्या लाकडी वस्तूंची दुरुस्ती हा आमचा मुख्य व्यवसाय झाला तो असा.

आमच्याकडे वस्तू आली की पॉलिशचा विचार शेवटी होतो, आधी सांधे पाहिले जातात. सोलापूरचा उन्हाळा चाळिशी सहज ओलांडतो, हवा कोरडी असते, आणि मोठा पाऊस बहुधा सप्टेंबरात येतो. या चढउतारात लाकूड रेषांच्या दिशेने जवळजवळ बदलत नाही, पण आडव्या दिशेने ते फुगते आणि आकसते. म्हणून जुन्या चांगल्या कारागिरांनी फडताळाच्या दारातली फळी चौकटीच्या खाचेत मोकळी ठेवलेली असते. पुढे कोणीतरी ती खुळखुळते म्हणून खिळे ठोकून पक्की करतो, आणि दोन-तीन उन्हाळ्यांत फळी मधोमध तडकते. आमच्याकडे येणाऱ्या तडकलेल्या दारांत असे खिळे वारंवार सापडतात. खिळे काढून फळी पुन्हा मोकळी करायची, तडकलेल्या जागी त्याच जातीच्या लाकडाची बारीक पट्टी बसवायची आणि मग दार बंद होते की नाही ते पाहायचे, हा आमचा क्रम आहे.

सांध्यातल्या गोंदाबद्दल थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण घरी दुरुस्ती करणाऱ्यांचे बहुतेक कष्ट इथेच वाया जातात. जुन्या खुर्च्यांचे सांधे पुष्कळदा जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या सरसाने जोडलेले असतात. गरम पाणी आणि ऊब मिळाली की सरस सुटतो, त्यामुळे सांधा न मोडता उघडता येतो. आज सर्रास वापरला जाणारा पांढरा गोंद नव्या, स्वच्छ लाकडावर उत्तम धरतो, पण वाळलेल्या जुन्या गोंदावर तो ओतला तर त्याला लाकडाची पकडच मिळत नाही. हलणाऱ्या खुर्चीच्या सांध्यात बाहेरून गोंद सोडून दोरीने आवळणे म्हणजे तीच खुर्ची पुढच्या दिवाळीला पुन्हा दुरुस्तीला आणण्याची तयारी होय. सांधा पूर्ण उघडावा, कुसू (सांध्याच्या भोकात बसणारे लाकडाचे टोक) आणि तिचे भोक जुन्या गोंदापासून खरवडून स्वच्छ करावे, सागवान असेल तर त्यातले नैसर्गिक तेल थिनरच्या फडक्याने पुसावे, आणि मगच गोंद लावून क्लॅम्प आवळावा. ज्या वस्तूची पुढच्या पिढीला पुन्हा दुरुस्ती करावी लागेल असे वाटते, तिथे आम्ही अजूनही सरसच वापरतो.

पॉलिश खरवडण्यापूर्वी ते कशाचे आहे हे ओळखावे लागते. वस्तूच्या मागच्या बाजूला स्पिरिटचा बोळा टेकवला आणि चिकटपणा आला तर ते चपडी लाखेचे पॉलिश समजावे. स्पिरिटने काही झाले नाही पण थिनरने मऊ पडले तर बहुधा एन.सी. (नायट्रोसेल्युलोज) लॅकर, दोन्हींना दाद दिली नाही तर नंतरचे मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश. लाखेचे पॉलिश असेल तर ते काढण्याची गरज बहुतेक वेळा पडतच नाही, कारण स्पिरिटने जुना थर मऊ करून त्यावरच नवा हात देता येतो. पावसाळी दमट हवेत मात्र लाखेवर पांढुरकी झाक येते, त्यामुळे संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेआधी देव्हारा हवा असणाऱ्यांना आम्ही पॉलिशसाठी पावसाळा उलटल्यानंतरची तारीख देतो.

देव्हाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. दर काही वर्षांनी सणाच्या आधी ऑइल पेंटचा एक हात देण्याची पद्धत अनेक घरांत होती, त्यामुळे खालचे कोरीवकाम रंगाने बुजून जाते. जुन्या रंगांत शिसे असण्याची शक्यता असते. भारतात घरगुती रंगांतील शिशाला 90 पीपीएमची मर्यादा 2016 च्या नियमांनी घातली गेली. म्हणून असा रंग कोरड्या पॉलिश पेपरने कधीही घासू नये, विशेषतः घरात लहान मुले असतील तर. आम्ही रंग मऊ करणारे रिमूव्हर लावून तो ओला असतानाच खरवडतो आणि खरवड वेगळी बांधून ठेवतो. वस्तूतून पिठासारखा भुसा पडत असेल तर आत कीड जिवंत असण्याची शंका घ्यावी. अशा वेळी उघड्या लाकडाला टाकणखार आणि बोरिक ॲसिडचे द्रावण देऊन, ते पूर्ण वाळल्यावरच पुढचे काम सुरू होते.

अवजारांची विक्री नंतर सुरू झाली. 2020 च्या टाळेबंदीत घरी बसलेल्या ग्राहकांनी फोन करून काय घ्यावे असे विचारायला सुरुवात केली आणि त्यांच्यापैकी बरेच जण शंभर नगांची स्वस्त पेटी आधीच मागवून बसलेले असत. त्या पेटीतल्या पटाशीची धार पाटाच्या एका कडेवरच जाते, हे त्यांना लगेच कळत असे. आम्ही त्यांना दिलेली यादी अजून फारशी बदललेली नाही. 6, 12 आणि 25 मिलिमीटरच्या तीन चांगल्या पटाश्या, बारीक दातांची एक करवत, काटकोन तपासायचा एक गुण्या, एक लोखंडी रंधा, चार क्लॅम्प आणि धार लावण्यासाठी 1000 व 6000 ग्रिटचे (आकडा मोठा तितका दगड बारीक) दगड, एवढ्यावर घरातले बहुतेक काम होते. यातले दगड लोकांना नको असतात आणि आम्ही ते सोडून बाकीचे विकत नाही; बोथट पटाशीला जोर लावावा लागतो, ती घसरते आणि हाताला लागते. पटाशीचा मुख्य उतार 25 अंशांचा आणि टोकाची धार 30 अंशांची ठेवली तर सागवान आणि बाभूळ दोन्हींवर ती टिकते. सागवानात सिलिका असते, त्यामुळे ते मऊ वाटले तरी पाते लवकर बोथट करते. जुन्या फळीवर रंधा फिरवण्यापूर्वी लोहचुंबक फिरवून मोडलेले खिळे शोधावेत, नाहीतर रंध्याच्या पात्याला खाच पडते.

विजेच्या अवजारांत आधी बॅटरीवरचे ड्रिल घ्यावे. राउटर (खाचा पाडणारे यंत्र) आणि टेबल सॉ (टेबलात बसवलेली गोल करवत) यांचा मोह आवरावा. दुरुस्तीच्या कामात त्यांना फारसे काम नसते, आणि फ्लॅटच्या गॅलरीत त्यांचा भुसा कुठे जाईल याचा विचार कोणीच करत नाही. लाकडाचा बारीक भुसा हा कर्करोगकारक म्हणून वर्गीकृत आहे, तेव्हा साधा कापडी नव्हे तर बारीक धूळ अडवणारा एफएफपी2 दर्जाचा मास्क वापरावा. जवसाच्या तेलाचे बोळे गुंडाळून टाकू नयेत. तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि बोळे आपोआप पेट घेऊ शकतात. ते उघड्यावर पसरून वाळवावेत किंवा पाण्याच्या डब्यात बुडवावेत.

सध्या आमच्या कारखान्यात दुरुस्तीचे काम अधिक आणि अवजारांची विक्री कमी, असे प्रमाण आहे आणि ते तसेच ठेवण्याचा आमचा विचार आहे. शिसवीच्या वस्तूंवरचे जुने पॉलिश काढून त्यांना आरशासारखी चकाकी आणून देण्याचे काम आम्ही घेत नाही. लग्नसराईत चार दिवसांत पलंग मागणाऱ्यांनाही नाही म्हणावे लागते, कारण गोंद, कीडनाशक द्रावण आणि लाखेचा प्रत्येक हात वाळायला जो वेळ लागतो तो कमी करण्याचा उपाय आमच्याकडे नाही. वस्तू घेऊन येण्यापूर्वी तिचे सांधे, मागची बाजू आणि तळ यांचे फोटो पाठवले तर खर्चाचा अंदाज आम्ही आधीच देतो, आणि दुरुस्तीपेक्षा नवी वस्तू स्वस्त पडत असेल तर तेही त्याच वेळी कळवतो.